हरणाऱ्या कोचला आणखी एक हंगाम द्यावा का? अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या नव्या प्रेक्षकासाठी

२०२१ च्या हंगामात नेब्रास्का विद्यापीठाचा संघ बारा सामने खेळला. तीन जिंकला, नऊ हरला. पण वर्षभरात त्यांनी केलेल्या गुणांतून त्यांच्यावर झालेले गुण वजा केले, तर उत्तर येतं अधिक ६३. नऊ पराभव पत्करलेला संघ गुणांच्या हिशेबात नफ्यात होता. कोच स्कॉट फ्रॉस्ट यांना विद्यापीठाने आणखी एक हंगाम दिला आणि पुढच्या वर्षी तीन सामने होताच काढून टाकलं.

अधिक ६३ हा आकडा खोटा नव्हता. तो वाचताना दोन गोष्टी सुटल्या. त्या कशा सुटल्या आणि आपल्या हातून सुटू नयेत म्हणून काय करायचं, हेच इथे पायरीपायरीने पाहू.

अमेरिकेतल्या विद्यापीठात नुकतंच पाऊल ठेवलेल्यांना सप्टेंबरात पहिला धक्का बसतो तो फुटबॉलच्या वेडाचा. हा फुटबॉल म्हणजे अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. कूपरेजवरचा किंवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे. मात्र तालमीच्या संघासाठी गळा बसेपर्यंत ओरडणाऱ्या कोल्हापूरकराला इथल्या शनिवारचं वातावरण समजावून सांगावं लागत नाही. संघ हरू लागला की ऑक्टोबरात लॅबमध्ये, कँटीनमध्ये, बसमध्ये एकच विषय असतो: कोचला काढायचं की नाही. त्या चर्चेत स्कोअरबोर्डापलीकडे काही बोलता यावं, एवढी तयारी एका वहीत होते.

आधी जुजबी माहिती. नियमित हंगाम ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत, सामने १२. सहा विजय मिळाले की हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यासाठी संघ पात्र ठरतो, म्हणून ६-६ ही मानाची किमान पायरी. आकड्यात आधी विजय, मग पराभव. टचडाऊनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात (एंड झोनमध्ये) नेण्याचे, ६ गुण, त्यानंतर लाथेने १ (एक्स्ट्रा पॉइंट) किंवा पुन्हा एक प्ले, म्हणजे चाल, खेळून २. फील्ड गोलचे, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून मारण्याचे, ३. म्हणजे एका फटक्यात जास्तीत जास्त ८ गुण मिळतात, आणि ८ किंवा कमी फरकाच्या सामन्याला ‘वन-स्कोअर गेम’ म्हणतात. हेड कोचच्या हाताखाली ऑफेन्सचा एक आणि डिफेन्सचा एक कोऑर्डिनेटर असतो. कोचला नेमणारा आणि काढणारा माणूस म्हणजे अॅथलेटिक डायरेक्टर.

वहीत प्रत्येक सामन्याला एक ओळ द्या: प्रतिस्पर्धी, घरी की बाहेर, गुणफरक, दोन्ही बाजूंचे टर्नओव्हर (चेंडूचा ताबा प्रतिस्पर्ध्याकडे जाणं), पेनल्टी किती आणि किती यार्डांच्या, आणि चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीचा स्कोअर. सामन्यानंतर प्रसिद्ध होणाऱ्या बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे आकडेवारीच्या तक्त्यात, हे सगळं असतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते दर आठवड्याला करावं लागतं. डिसेंबरात एकदम करायला बसलात तर निकाल आधीच माहीत असल्याने नोंदीही त्याच रंगाच्या होतात.

पायरी १ : आकड्यांआधीची चाळणी

खेळाडूंच्या जिवाशी खेळ, छळ, गैरप्रकार लपवणं यांतलं काही सिद्ध झालं असेल तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. २०१८ साली मेरीलँडच्या एका खेळाडूचा सरावात उष्माघात होऊन पुढे मृत्यू झाला. चौकशीनंतर ऑक्टोबरअखेर कोच डी. जे. डर्किन यांना परत कामावर घेण्याचा निर्णय झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना काढावं लागलं. अशा ठिकाणी ‘अजून एक वर्ष’ हा प्रश्नच गैरलागू असतो.

पायरी २ : कोचच्या पदरात काय पडलं होतं

नव्या कोचचा पहिला हंगाम बहुतांशी आधीच्या माणसाचा असतो. तीन गोष्टी शोधा: जाताना आधीच्या कोचने किती अनुभवी खेळाडू मागे ठेवले, संघावर काही दंडात्मक निर्बंध होते का, आणि खेळाची पद्धत किती बदलावी लागली.

व्हर्जिनिया टेकला १९८७ मध्ये फ्रँक बीमर आले, तेव्हा आधीच्या कारभारातल्या नियमभंगामुळे स्कॉलरशिपच्या संख्येवर कात्री लागली होती. फुटबॉलमध्ये ही कात्री लगेच जाणवत नाही. आज न घेतलेला खेळाडू तीन वर्षांनी, म्हणजे ज्या वर्षी तो सुरुवातीपासून मैदानात उतरला असता त्या वर्षी, कमी पडतो. बीमर यांचे पहिले सहा हंगाम मिळून आकडा होतो २४-४०-२ (तेव्हा सामने बरोबरीत सुटत). हा आकडा ती कात्री लक्षात घेऊनच वाचायला हवा.

पद्धत बदलण्याचं उदाहरण जॉर्जिया टेकचं. पॉल जॉन्सन २०१८ पर्यंत तिथे ट्रिपल ऑप्शन खेळवत, म्हणजे जवळजवळ सगळं धावून, पास मोजके. त्यांच्या जागी आलेल्या जेफ कॉलिन्स यांना पास फेकणाऱ्याला (क्वार्टरबॅकला) संरक्षण देण्याची सवय असलेली ऑफेन्सिव्ह लाइन मुळातून उभी करायची होती. पहिल्या वर्षीचं ३-९ समजण्यासारखं. पण मग ३-७, मग पुन्हा ३-९, आणि चौथ्या हंगामात १-३ झाल्यावर ते गेले. एकूण १०-२८. उरलेले आठ सामने साहाय्यक ब्रेंट की यांनी त्याच खेळाडूंना घेऊन ४-४ असे काढले. ‘खेळाडू या पद्धतीचे नाहीत’ ही सबब पूर्वीही तीन वर्षांपलीकडे चालत नसे. आता तर ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आहे. तो २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदललेल्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. आजच्या कोचला ही सबब एक हंगाम, फार तर दीड.

पायरी ३ : माप कोणतं

आठ विजय एका विद्यापीठात मिरवणुकीचं कारण असतात आणि दुसऱ्यात राजीनाम्याचं. २००३ मध्ये नेब्रास्कानेच फ्रँक सोलिच यांना ९-३ वर असताना काढलं होतं. सहा हंगामांत त्यांचे ५८ विजय आणि १९ पराभव होते. नंतरच्या दोन दशकांत त्या विद्यापीठाने जे भोगलं, त्याचा पहिला धडा हाच: माप चुकलं की कोच बदलून उपयोग नसतो.

अपेक्षा मोजण्याचं सोपं साधन म्हणजे ब्लू-चिप रेशो. गेल्या चार वर्षांत शाळेतून घेतलेल्या खेळाडूंपैकी चार किंवा पाच तारे मिळालेले किती टक्के, एवढंच. बराच काळ राष्ट्रीय विजेते संघ ५० टक्क्यांच्या वरचे असत. तुमच्या संघाचा आकडा आणि त्याच कॉन्फरन्समधल्या (एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या संघांच्या गटातल्या) इतरांचे आकडे शेजारी लिहा, उतरत्या क्रमाने लावा. संघ गुणवत्तेत कॉन्फरन्समध्ये चौथा आणि निकालात बारावा असेल, तर प्रश्न कोचिंगचा आहे. गुणवत्तेत तेरावा आणि निकालात बारावा असेल, तर कोच खरं म्हणजे आपलं काम करतोय. प्रश्न पैशाचा, भरतीचा आणि वरच्या लोकांच्या इच्छेचा आहे. पोर्टलमुळे हे माप थोडं सैल झालंय, कारण तयार खेळाडू आता थेट येतात. इंडियाना २०२३ मध्ये ३-९ होता. कर्ट सिग्नेटी आले, आपल्या आधीच्या संघातले बरेच खेळाडू सोबत घेऊन आले, आणि २०२४ अखेर आकडा ११-२ झाला. हे उदाहरण आता प्रत्येक चर्चेत फेकलं जातं. ते अपवाद म्हणूनच ठेवा.

पायरी ४ : पराभवांची वर्गवारी

इथे वेळ घालवा. बहुतेक चुका इथेच होतात.

पराभव तीन ढिगांत टाका: ८ किंवा कमी गुणांचे, ९ ते १६ चे, आणि १७ पासून पुढचे. तिसऱ्या ढिगातले पराभव सर्वांत बोलके असतात, कारण एवढ्या फरकात नशिबाचा वाटा कमी असतो. आपल्याच तोडीच्या संघांकडून असे तीन पराभव एका हंगामात झाले, तर पुढच्या पायऱ्या कोचच्या बाजूने फारशा बोलणार नाहीत.

आता नेब्रास्काचं २०२१ मांडून पाहू. नऊ पराभवांचे फरक: ८, ७, ३, ३, ७, ५, ९, ७, ७. बेरीज ५६. यांतले आठ वन-स्कोअर, आणि ९ गुणांचा एकमेव पराभव ओहायो स्टेटकडून. विजयांचे फरक: ४५, २५, ४९. बेरीज ११९. ११९ वजा ५६ म्हणजे ते अधिक ६३. पण ४५ गुणांनी हरवलेला फोर्डहॅम हा एफसीएस, म्हणजे खालच्या विभागातला संघ. असे सामने हिशेबातून नेहमी काढायचे. उरले अधिक १८. पुढचा ४९ गुणांचा विजय नॉर्थवेस्टर्नवरचा, आणि त्या वर्षी नॉर्थवेस्टर्नही ३-९ होता. म्हणजे अधिक ६३ हा सगळाच नफा दोन शनिवारांत जमा झालेला. ते दोन काढले तर उरतात उणे ३१. सुटलेली पहिली गोष्ट ही.

दुसरी जास्त महत्त्वाची. अटीतटीच्या सामन्यांचा निकाल साधारणपणे वर्षागणिक मधोमध सरकतो. यंदा १-५ असलेला संघ पुढच्या वर्षी ३-३ कडे येण्याची शक्यता अधिक, म्हणून एका हंगामाच्या अशा पराभवांवरून कोचला काढू नये. हा नियम खरा आहे. पण तो एका हंगामापुरता. फ्रॉस्ट यांच्या पूर्ण कारकिर्दीत वन-स्कोअर सामन्यांचा हिशेब ५-२२ निघतो. सत्तावीस वेळा उडवलेलं नाणं पाचदाच छाप दाखवत असेल तर नाणं तपासायचं असतं.

आणि कारण शोधायला लांब जायला नको होतं. २०२१ च्या इलिनॉयविरुद्धच्या सामन्यात पंट (ताबा सोडताना लाथेने दूर धाडलेला चेंडू) झेलणाऱ्याने आपल्याच एंड झोनमधून चेंडू बाहेर फेकून प्रतिस्पर्ध्याला सेफ्टीचे २ गुण दिले. ओक्लाहोमाने एक्स्ट्रा पॉइंटची लाथ अडवून तीच उलट पळवत २ गुण घेतले. मिशिगन स्टेटने शेवटच्या मिनिटांत पंट परत आणून टचडाऊन केला, बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये जिंकला. आयोवाने पंट अडवून टचडाऊन केला. चारही घटना स्पेशल टीम्सच्या, म्हणजे लाथेच्या प्लेच्या. हा विभाग सरावात किती मिनिटं घेतो आणि त्याला स्वतंत्र कोच आहे का, हे हेड कोच ठरवतो. पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ११ गुणांची आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी ऑनसाइड किक (चेंडू पुन्हा आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली आखूड लाथ) मारायला लावली, चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळाला आणि सामना ३१-२८ असा गेला. पुन्हा लाथ.

नशिबाचा वाटा काढायला दोन ढोबळ नियम पुरतात. हातातून सुटून जमिनीवर पडलेला फंबल कोणाला मिळतो हे दीर्घकाळात निम्मं-निम्मं असतं. तुमच्या संघाला वर्षभरात २० पैकी ५ मिळाले असतील, तर ते दुर्दैव. आणि डिफेन्सने हात लावलेल्या पासेसपैकी साधारण पाचातला एक इंटरसेप्शन होतो, म्हणजे डिफेन्स तो झेलतो. दहातला एकच होत असेल तर पुढच्या वर्षी आकडा सुधारण्याची शक्यता आहे. मात्र मुळात फंबल किती होतात आणि क्वार्टरबॅक गर्दीत किती पास फेकतो, हे नशीब नाही. ते सराव आणि निवड.

पायरी ५ : प्लेच्या पातळीवर

गुणांपेक्षा स्थिर आकडा म्हणजे सक्सेस रेट. ऑफेन्सला चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, १० यार्ड जायचं असतं. पहिल्या डाऊनला लागणाऱ्या यार्डांपैकी ५० टक्के, दुसऱ्याला उरलेल्यांच्या ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण १०० टक्के मिळाले तर तो प्ले यशस्वी. म्हणजे पहिल्या डाऊनला १० हवे असताना ५ मिळाले: यशस्वी. दुसऱ्याला १० हवे असताना ६ मिळाले: अयशस्वी, ७ लागले असते. यशस्वी प्ले भागिले एकूण प्ले. साधारण ४२ टक्क्यांच्या आसपास मध्यम कामगिरी समजा. तीच मोजणी प्रतिस्पर्ध्याच्या ऑफेन्ससाठी केली की आपल्या डिफेन्सचा आकडा मिळतो.

एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून १३०-१४० प्ले होतात, हाताने मोजायला तासभर लागतो. सगळे सामने मोजू नका. कॉन्फरन्समधले पहिले तीन आणि शेवटचे तीन मोजा आणि फरक पाहा. चौथ्या क्वार्टरमध्ये २२ हून जास्त गुणांचा फरक पडल्यानंतरचे प्ले सोडून द्या. तेव्हा दोन्हीकडचे राखीव खेळाडू असतात आणि आकडे फुगतात. कंटाळा असेल तर बिल कॉनेली यांचं एसपी प्लस हे मानांकन पाहा. ते प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार हाच प्रकार सुधारून देतं. त्यात संघ मागच्या वर्षी ७० वा, यंदा ४५ वा, पण विजय तेवढेच, असं दिसलं तर कोचच्या खात्यात हा मोठा जमेचा आकडा आहे. उलटही होतं: विजय वाढले, मानांकन घसरलं. अशा वर्षानंतर घाईने करार वाढवणारी विद्यापीठं पुढे पस्तावतात.

पायरी ६ : कोचच्या हाताचे ठसे

काही चुका खेळाडूच्या नावावर लागतात पण उगम बाजूरेषेवर असतो. होल्डिंगची (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्याची) पेनल्टी दमलेल्या लाइनमनची असू शकते. पण मैदानात बारा माणसं, प्ले सुरू होण्याआधीची हालचाल, वेळ संपल्याची पेनल्टी, पहिल्या क्वार्टरमध्ये गोंधळ निस्तरण्यासाठी वाया घालवलेले टाइमआउट हे सगळे संघटनेचे दोष.

फ्लोरिडात बिली नेपियर यांच्या काळात २०२३ मध्ये यूटाविरुद्ध पंट परत आणण्याच्या प्लेला एकाच क्रमांकाचे दोन खेळाडू मैदानात होते. पेनल्टीमुळे यूटाला चेंडू परत मिळाला. त्याच वर्षी आर्कान्साविरुद्ध शेवटच्या सेकंदांत फील्ड गोलचं पथक अवेळी धावत आत आलं, ५ यार्ड गेले, लाथ चुकली, ओव्हरटाइममध्ये सामना गेला. पहिल्या वेळी अशी चूक नोंदवायची. तिसऱ्या हंगामातही तिचीच भावंडं दिसत राहिली तर शिकण्याची यंत्रणाच नाही असं समजायचं.

वहीत यासाठी एक रकाना ठेवा आणि महिन्याप्रमाणे मोजा. सप्टेंबरात पंधरा आणि नोव्हेंबरात पाच असतील तर कोचिंग होतंय.

पायरी ७ : खेळाडू कोण येतात, कोण जातात

पोर्टलमध्ये वीस खेळाडू गेले, अशी बातमी वाचून घाबरू नका. त्यांतले किती जण सुरुवातीच्या अकरात होते आणि ते कुठे गेले, एवढंच पाहा. शेवटच्या रांगेतले खालच्या संघांत गेले तर ती साफसफाई. डावा टॅकल आणि पहिला कॉर्नरबॅक असे मुख्य खेळाडू त्याच कॉन्फरन्समध्ये गेले तर ती गळती. जुलै २०२१ पासून खेळाडूंना नावाच्या नि प्रतिमेच्या वापराचे पैसे घेता येतात आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठंही थेट वाटा देतात. पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. म्हणून खेळाडू जाण्याचा दोष कोचवर टाकण्याआधी तुमचं विद्यापीठ त्या मर्यादेच्या किती जवळ खर्च करतं ते विचारा. कमी खर्च करून कोचकडे बोट दाखवणारे बरेच आहेत.

पायरी ८ : त्याने स्वतः काय बदललं

मुदतवाढीच्या बाजूने सर्वांत जास्त वजन आम्ही याच पायरीला देतो. हरणारा प्रत्येक कोच म्हणतो की थोडा वेळ द्या. वेळ मागताना त्याने आपल्या हातातलं काय सोडलं, कोणाला बदललं, हे पाहायचं.

व्हँडरबिल्टचे क्लार्क ली पहिल्या तीन हंगामांत २-१०, ५-७, २-१० होते. तिसऱ्या वर्षी कॉन्फरन्समधले आठही सामने गेले. कुठल्याही वहीत हा माणूस नापास. पण त्या हिवाळ्यात त्यांनी डिफेन्सचे प्ले ठरवण्याचं काम स्वतःकडे घेतलं, आणि ऑफेन्ससाठी न्यू मेक्सिको स्टेटचा कोऑर्डिनेटर टिम बेक व तिथलाच क्वार्टरबॅक डिएगो पाविया एकत्र आणले, म्हणजे एकमेकांची भाषा कळणारी जोडी. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हँडरबिल्टने अव्वल क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं, वर्षअखेर ७-६, आणि २०२५ मध्ये त्या विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच दहा विजय.

डॅबो स्विनी क्लेमसनमध्ये २०१० ला ६-७ होते. त्यांनी ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर काढून चॅड मॉरिस आणला. पुढच्या वर्षी १०-४ आणि कॉन्फरन्सचं विजेतेपद. त्या हंगामाचा शेवटचा सामना ७०-३३ असा हरल्यावर डिफेन्सचा कोऑर्डिनेटरही बदलला आणि ब्रेंट व्हेनेबल्स आले. २०१६ आणि २०१८ ची राष्ट्रीय विजेतेपदं त्या दुसऱ्या बदलाच्या पायावर उभी आहेत. (२०१० साली काढलेला तो कोऑर्डिनेटर म्हणजे हेच बिली नेपियर. फ्लोरिडात हेड कोच झाल्यावर ते ऑफेन्सचे प्ले शेवटपर्यंत स्वतःच ठरवत राहिले.) नोत्र दामचे ब्रायन केली २०१६ च्या ४-८ नंतर दोन्ही कोऑर्डिनेटर आणि स्ट्रेंग्थ कोच बदलून १०-३ वर आले. मिशिगनचे जिम हार्बो २०२० च्या २-४ नंतर निम्म्या पगारावर राहिले, डिफेन्स नव्या माणसाच्या हाती दिला. २०२३ मध्ये १५-० आणि राष्ट्रीय विजेते.

सरसकट आशा ठेवू नका. फ्लोरिडा स्टेटचे माइक नॉर्व्हेल यांना ३-६ आणि ५-७ नंतर दिलेला वेळ १०-३ आणि १३-१ असा फळला, मग २०२४ ला एकदम २-१०. त्यांनीही दोन्ही कोऑर्डिनेटर बदलले. २०२५ मध्ये आकडा ५-७. आणि फ्रॉस्ट यांनीही २०२१ अखेर ऑफेन्सचे चार साहाय्यक काढले होतेच, पण रोग स्पेशल टीम्सचा जुना होता. म्हणून बदल झाला का एवढंच विचारून भागत नाही. पायरी ४ मध्ये सापडलेलं कारण आणि झालेला बदल यांची जोडी जुळते का, ते पाहावं लागतं.

पायरी ९ : पैसा आणि कॅलेंडर

करार संपण्याआधी काढलं तर कोचला जी रक्कम द्यावी लागते ती बायआउट. करारात दोन गोष्टी शोधा: ती कोणत्या तारखेला कमी होते, आणि कोचला दुसरीकडे नोकरी मिळाली तर तेवढी रक्कम वजा होते का. फ्रॉस्ट यांची बायआउट १ ऑक्टोबर २०२२ ला दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येणार होती. विद्यापीठाने ११ सप्टेंबरलाच काढलं, तीन आठवडे थांबलं नाही. टेक्सस ए अँड एमने जिंबो फिशर यांना २०२३ मध्ये काढलं तेव्हा देणं साडेसात कोटींच्या वर होतं आणि नव्या नोकरीचा पगार वजा होण्याची अटच नव्हती. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढलं तेव्हा आकडा सुमारे ४ कोटी ९० लाख होता. सुमारे पाच आठवड्यांत व्हर्जिनिया टेकने त्यांना घेतलं आणि तो ९० लाखांवर उतरला. ‘परवडत नाही’ हे वाक्य ऐकलं की आधी ही दोन कलमं विचारा.

इतक्या लवकर, सप्टेंबर-ऑक्टोबरातच कोच का काढतात? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळकरी खेळाडूंच्या करारांची मुदत येते आणि जानेवारीत पोर्टल उघडतं. नोव्हेंबरअखेर काढलं तर नव्या माणसाच्या हाती काही दिवसच उरतात. कोच गेल्यावर त्याच्या खेळाडूंना संघ सोडायला स्वतंत्र मुदत मिळते, हाही खर्च धरा.

आणखी एक. अॅथलेटिक डायरेक्टरने जाहीर पाठिंबा दिला म्हणजे कोच सुरक्षित, असं समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपियर यांना असा पाठिंबा मिळाला. संघ शेवटचे चारही सामने जिंकून ८-५ झाला, सगळे खूश. ११ महिन्यांनी, २०२५ मध्ये ३-४ वर असताना, तेही एक सामना जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना काढलं. एकूण हिशेब २२-२३.

पायरी १० : निकाल कसा द्यायचा

ऑगस्टमध्ये, पहिल्या सामन्याआधी, वहीच्या मागच्या पानावर तीन ओळी लिहून तारीख टाका. मागच्या वर्षी बिघाड नेमका कुठे होता. कोचने त्यावर काय केलं. आणि आठव्या सामन्यापर्यंत कोणता आकडा कुठे दिसला तर तुम्ही त्याच्या बाजूने राहाल. विजयांची संख्या लिहू नका. ‘कॉन्फरन्समधल्या सामन्यांत डिफेन्सने दिलेला सक्सेस रेट ४६ वरून ४२ च्या आत’, ‘महिन्याला तीनहून कमी संघटनेच्या पेनल्टी’ असं लिहा.

चौथ्या सामन्यानंतर फक्त वाचा, निर्णय नको. तोवरचे प्रतिस्पर्धी बहुधा हलके असतात. आठव्यानंतर तपासा. पहिल्या क्वार्टरबॅकला दुखापत होऊन तीनहून जास्त सामने गेले असतील तर ते सामने वेगळे काढून डिफेन्सचे आकडे तेवढे वापरा. पहिला हंगाम असेल तर १७ गुणांवरचे पराभव कमी होतायत का एवढंच पाहा. दुसऱ्यात प्लेचे आकडे हलायला हवेत, तिसऱ्यात विजय. चौथ्या वर्षीही कारण तेच असेल तर थांबू नका, मग गुणफरक अधिक ६३ असो.

बाराव्या सामन्यानंतर अंतिम बेरीज करा आणि बोल सामना त्यात धरू नका. तोपर्यंत दोन्ही संघांतले चांगले खेळाडू एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, तयारीला किंवा पोर्टलच्या वाटेला लागलेले असतात, कधी कोऑर्डिनेटरही दुसरीकडे रुजू झालेला असतो. मैदानात कपडे तेच दिसतात, संघ दुसराच असतो.